हाताने घडवलेला रशियन चाकू घेताय? माझे ४२,६५० रुबल कसे गेले ते वाचा

आधी आकडा सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात. चाकूचे ३८,५०० रुबल, 'कागदपत्रांचे' ३,०००, पार्सलच्या विम्याचे १,१५०. एकूण ४२,६५०. चाकूच्या किमतीतले निम्मे, म्हणजे १९,२५०, आगाऊ दिले आणि उरलेलं सगळं पार्सल निघायच्या आदल्या दिवशी. सगळे पैसे फोन नंबरवर पाठवले. आता "आगाऊ पैसे दिलेसच कसे?" हे कृपा करून विचारू नका. हाताने काम करणारा कारागीर आगाऊ पैसे घेतोच. खरा घेतो आणि खोटाही घेतो, गोची तिथेच आहे.

मी रशियात नोकरी करतो, रशियन वाचतो, बोलतो. निझ्नी नोव्हगोरोदकडची वोर्स्मा आणि पाव्लोवो ही चाकूवाल्यांची गावं मला ऐकून माहीत होती. ९५-ख-१८ कुठलं पोलाद आणि ६५-ख-१३ कुठलं, हेही कळतं. म्हणजे कोणीही यावं आणि टोपी घालून जावं असा मी नव्हतो. ज्याने मला चाकू विकला तो माणूस स्वतःला वोर्स्माचा म्हणवत होता. आता वाटतं, वोर्स्माच्या खऱ्या लोहारांना हे कळलं तर त्याला तेच बघून घेतील.

त्याने गळ कसा टाकला बघा. मी भारतीय आहे हे कळल्याबरोबर म्हणाला, "बुलात पोलाद तर तुमच्याच देशातून आलं! आमच्या अनोसोवने झ्लातोउस्तमध्ये ते पुन्हा बनवून दाखवलं." यातलं अनोसोवचं, म्हणजे उरलमधल्या झ्लातोउस्तच्या त्या धातुतज्ज्ञाचं, खरं आहे. १८४१ साली त्याने बुलातवर लिहिलंही. झालं, मी फुगलो. आणि त्याच दमात हे महाशय माझ्या चाकूचं पातं 'दमास्कस बुलात' आहे म्हणून सांगत होते. दमास्कस म्हणजे वेगवेगळ्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले. बुलात म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद, त्यातली नक्षी थंड होताना आतूनच येते. दोन्ही एकाच पात्यात आहे असं जो सांगतो त्याच्याकडे दोन्हींपैकी एकही नसतं. हे लक्षात ठेवा, फुकट सांगतोय.

आता जिथे माझी नजर अडायला हवी होती ती जागा. रशियात म्यानातला चाकू नुसता घेऊन भागत नाही. तो कायद्याने 'शस्त्र' ठरत नाही, घरगुती वस्तू आहे, असं सांगणारा तपासणीचा कागद सोबत असलेला बरा. चांगले विक्रेते प्रमाणपत्राची प्रत शिक्क्यासकट देतात. त्यावर मॉडेलचं नाव असतं, मापं असतात, चित्र असतं. शस्त्र ठरला तर १९९६चा शस्त्र कायदा लागतो. मग शिकारीचा परवाना दाखवल्याशिवाय तो दुकानातही मिळत नाही. आणि हा फरक बऱ्याचदा मिलिमीटरवर येऊन थांबतो. पात्याची लांबी, जाडी, आणि मुठीपुढचा गार्ड (हात पात्यावर घसरू नये म्हणून असलेली आडवी पट्टी) किती बाहेर निघतो, ५ मिलिमीटरच्या आत की बाहेर.

या कागदाचे त्याने वेगळे ३,००० घेतले आणि फोटो पाठवला. कागदावरच्या चित्रातल्या चाकूला गार्डच नव्हता. सरळ मूठ, सरळ पातं. माझ्या चाकूला पितळेचा जाडजूड गार्ड, दोन्ही बाजूंना चांगला बोटाच्या पेराएवढा बाहेर आलेला. मी आंधळा नाही, मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "चित्र नमुन्याचं असतं, मालिका एकच आहे, सगळे असंच देतात." आणि मी 'ठीक' असं लिहून पाठवलं. ते संभाषण अजून फोनमध्ये आहे. उघडलं की अंगाचा तिळपापड होतो. पण मला सांगा, शिक्का मारलेला कागद समोर असताना त्या शिक्क्यावर संशय घ्यायचा ही कुठली रीत? शिक्का खराच होता. फक्त दुसऱ्याच चाकूचा होता.

पैसे पाठवताना बँकेच्या ॲपमध्ये घेणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिसतं. तिथे एका बाईचं नाव आलं. "बायकोचा नंबर आहे." बरं बाबा, बायकोचा. (इथे पावतीचा आग्रह धरा. स्वयंरोजगार म्हणून नोंद असलेला कारागीर कर खात्याच्या 'मोय नालोग' ॲपमधून पावती देऊ शकतो. "नंतर देतो" म्हणाला की समजून जा.)

चाकू आला तेव्हा दिसायला देखणाच होता, हे मान्य करतो. बर्चच्या गाठीची मूठ, पात्यावर पाण्यासारख्या लाटा. पण पात्याची पाठ बघा. खऱ्या दमास्कसमध्ये रेषा पाठीवरून वळून पलीकडे जातात, कारण ते थर असतात, रंगकाम नव्हे. माझ्या चाकूची पाठ आरशासारखी कोरी. शंका आली म्हणून मुठीजवळ, जिथे म्यान झाकतं तिथे, बारीक पॉलिशपेपर फिरवला. लाटा भिंतीवरच्या चुन्यासारख्या निघाल्या आणि खाली साधं चकचकीत पोलाद. फेरिक क्लोराइड लावलं, खरं असतं तर नक्षी परत वर आली असती. काही आलं नाही. नुसता एक करडा डाग पडला. वाळकी बर्चची काडी छाटायला गेलो तर धार वळली. म्हणून विकत घेण्याआधी पात्याच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो मागा. तो देताना कारागीर कां-कूं करायला लागला की निघा तिथून.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळून गप्प बसलो असतो. पण एका रविवारी मश्रूम वेचायला जंगलात निघालो, तेव्हा चाकू म्यानात, म्यान फडक्यात, फडकं पिशवीच्या तळाशी होतं. मेट्रोच्या दारावर पिशवी यंत्रातून गेली आणि मला बाजूला घेतलं. मी ऐटीत कागद काढून दिला. तिथल्या पहाऱ्यावरच्या पोऱ्याने, वय असेल वीस-बावीस, एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा गार्डकडे, आणि म्हणाला, "हा तो चाकू नाही." ३,००० रुबल मोजून मी ज्याकडे डोळेझाक केली ते त्याला फुकटात दिसलं. चाकू पंचनामा करून तपासणीला गेला.

तपासणीचा निकाल ऐकून हसावं की रडावं कळेना. पातं इतकं मऊ की वाकवलं तर वाकडंच राहतं, सबब हे शस्त्र नाही. मी सुटलो. आणि तोही सुटला! कारण खरं शस्त्र असं चोरून विकणं हा फौजदारी संहितेच्या २२२ कलमाखाली गुन्हा झाला असता. माल इतका भिकार निघाला की गुन्हाच उरला नाही.

मग फसवणुकीची तक्रार, कलम १५९. ठाण्यातल्या ड्युटीवरच्याने आधी सांगितलं, विकणारा जिथला तिथे जा. मी हललो नाही, तेव्हा नाइलाजाने अर्ज घेतला. (नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नंतर "असा अर्जच नाही" असंही ऐकवतात.) काही दिवसांनी उत्तर आलं: तुम्ही चाकू मागितला, तुम्हाला चाकू मिळाला, हा दिवाणी स्वरूपाचा व्यवहार, गुन्हा दाखल करण्यास नकार. मी सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे गेलो. त्यांनी तो नकार रद्द केला, प्रकरण परत पाठवलं, आणि ठाण्यातून पुन्हा तोच नकार आला. शब्द तेच, माझ्या आडनावातली चूकसुद्धा तीच. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले. ग्राहकांचे हक्क पाहणारं खातं म्हणतं, विकणारा खासगी माणूस आहे, आमच्यात बसत नाही. ज्या बाईच्या नावावर पैसे गेले तिला कोणी एक फोन केल्याचं मला तरी समजलेलं नाही. एका परदेशी माणसाच्या पिशवीतला चाकू मिनिटात सापडतो, आणि नाव, फोन नंबर, खातं सगळं हातात दिलेला माणूस सापडत नाही.

दिवाणी दावा लावता येतो, ठाऊक आहे. त्यासाठी त्या बाईचा पत्ता लागतो, आणि बँक तो न्यायालयाने मागितल्याशिवाय देत नाही. ते चाललंय. तोवर मेसेज पुसू नका, विक्रेत्याने पुसले तर म्हणून आजच फोटो काढून ठेवा. पार्सल घ्याल तेव्हा आतल्या वस्तूंची यादी लावूनच मागवा आणि शक्य असेल तर पैसे वस्तू हातात घेतानाच, समोरासमोर द्या. त्यापेक्षा मॉस्कोत चाकूंची प्रदर्शनं भरतात तिथे जाऊन हातात घेऊन बघा.

गेल्या आठवड्यात हुबेहूब तसाच चाकू पुन्हा विक्रीला दिसला. नाव नवं, फोन नंबर नवा, किंमत ४१,०००. बर्चची मूठ, पितळेचा गार्ड, आणि सोबत बिनगार्डच्या चाकूचा तोच कागद, उजव्या कोपऱ्यात दुमडल्याची तीच घडी.