विजेचा हिशेब कुठे मांडावा: कारखान्यापाशी की ग्राहकापाशी?

ओडिशातील अंगुल येथे नाल्को या सरकारी कंपनीचा ॲल्युमिनियम कारखाना आहे. एक टन ॲल्युमिनियम वितळभट्टीतून काढायला साधारण १४ ते १५ हजार युनिट वीज लागते, आणि ती तालचेरच्या कोळशावर चालणाऱ्या स्वतःच्या वीजकेंद्रातून येते. धातू मात्र तारा, खिडक्यांच्या चौकटी आणि गाड्यांचे भाग होऊन मुंबई-पुण्यासारख्या संपन्न बाजारांत पोहोचतो.

मग ही वीज कोणत्या राज्याने वापरली म्हणायची? हिशेबाच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत, म्हणजे कारखान्यापाशी मोजल्यास, हा सारा वापर ओडिशाच्या नावे पडतो. ती सोपी आहे, कारण मीटर आणि कोळशाची वाघीण दोन्ही तिथेच मोजता येतात. पण सेवाक्षेत्रावर वाढलेले राज्य तीत उगाच काटकसरी दिसते.

दुसरी पद्धत मालाबरोबर ऊर्जाही ग्राहक राज्याच्या खात्यात टाकते. त्यासाठी राज्याराज्यांतील व्यापाराचे तपशीलवार कोष्टक लागते, आणि अंदाजांवर विसंबावे लागते. तरीही विकासाची तुलना करताना मला हीच अधिक न्याय्य वाटते (२०१७ पासूनचा जीएसटीही उपभोगाच्या ठिकाणीच जमा होतो). भट्टीची कार्यक्षमता सुधारायची असेल, तर मात्र पहिलाच हिशेब हाताशी हवा.