प्रागचं जुनं ज्यू कब्रस्तान: वेळ काढून जाच

प्रागला गेलात तर योसेफोव या जुन्या ज्यू वस्तीतल्या या कब्रस्तानाचं तिकीट नक्की काढा, शनिवारी मात्र बंद असतं. आत शिरलं की दगडच दगड, एकमेकांवर रेललेले, जवळपास 12,000, आणि खाली किती माणसं असतील देव जाणे, कारण घेट्टोत, म्हणजे ज्यूंना सक्तीने राहायला लावलेल्या वस्तीत, जागा वाढवून मिळायची नाही आणि धर्मात कबर उकरायला मनाई, मग काय करायचे तर वरून माती टाकून नवीन थर, जुने दगड उचलून वर, असं करत काही ठिकाणी बारा थर झालेत! सगळ्यात जुना दगड 1439 चा, रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि कवी अविग्दोर कारा यांचा, पण मूळ दगड जपण्यासाठी आत मायझल सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) हलवलाय, इथे नक्कल आहे. हे मला फार पटलं. 1787 नंतर इथे कोणाला पुरलं नाही. सोळाव्या शतकातले प्रागचे नावाजलेले विद्वान रब्बी लोव यांच्या कबरीपाशी मी बराच वेळ थांबले, कडेकडेला बारीक खडे ठेवलेले, फटीत चिठ्ठ्या खोचलेल्या. काही दगडांवर दोन पंजे कोरलेत, ती कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याची खूण, त्यांना मंदिरात मदत करणाऱ्या लेवींची खूण तांब्या. वाट आखलेली आहे, कबरींत घुसता येत नाही, तेच बरं. आपल्या अलिबागजवळच्या नवगावचं बेने इस्राएलांचं (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं) कब्रस्तान सारखं आठवत होतं, तेही असंच जपायला हवं.