ग्रो बॅग टिकली, दोरा गेला: गच्चीवरच्या दोन वर्षांचा अनुभव

२५ जुलै २०२४ ची पहाट पुण्यातल्या कुणी विसरलं नसेल. रात्रभर पाऊस कोसळत होता, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरल्याचे व्हिडिओ सकाळपासून फोनवर येत होते. आम्ही हडपसरला, आमच्याकडे तसा धोका नव्हता. गच्चीवरच्या पाणी जायच्या जाळीत पाला अडकलाय का, एवढंच बघायला मी वर गेले. पाहते तर अंजिराची ग्रो बॅग, म्हणजे झाड लावायची प्लॅस्टिकच्या कापडाची पिशवी, तळाशी उघडलेली. माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाहत जाळीपर्यंत गेलेलं, झाड कठड्यावर कललेलं आणि मुळं पावसात उघडी. दीड वर्ष जपलेलं झाड होतं ते. मला रडू आलं.

पिशवी "फाटली" असं मी म्हणत नाही. कापडाला एवढंसं भोकही पडलं नव्हतं. उसवली होती ती तळाची शिवण, चांगली दहा इंच. हा सगळा अनुभव त्या शिवणीबद्दलच आहे. कारण ग्रो बॅग घेताना आपण जीएसएम (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) विचारतो, यूव्ही म्हणजे उन्हाला टिकणारं आहे का विचारतो, माप विचारतो, पण दोरा कसला आहे हे कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा पिशव्या ऑनलाइन मागवल्या. सहा १८ बाय १८ इंचांच्या, १३५ रुपयाला एक, आणि सहा १२ बाय १२ च्या, ७० रुपयाला एक. हिरव्या, २६० जीएसएम, पाच वर्षांची वॉरंटी. मोठ्यांत अंजीर, साई सरबती लिंबू, सरदार पेरू, डाळिंब आणि दोन जास्वंदी. लहानांत तीन मोगरे, दोन शेवंती, एक गुलाब. कोकोपीटच्या विटा दोनदा धुऊन घेतल्या (न धुता वापरू नका, त्यात क्षार असतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात), त्यात शेणखत, थोडी माती आणि मूठमूठ निंबोळी पेंड. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

वजनाबद्दल मात्र एक सांगते. ये-जा असलेल्या छतावर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून हिशेब केलेला असतो. १८ इंची पिशवी काठोकाठ भरली तर सत्तर लिटर माल मावतो, आणि भिजल्यावर ती साठ-सत्तर किलोला सहज जाते. नुसती माती भरलीत तर शंभराच्या पुढे. म्हणून मोठ्या पिशव्या मधे मांडू नका, खाली तुळई आहे अशा कडेला ओळीत ठेवा. आणि भरलेली पिशवी कानांना (धरायच्या पट्ट्यांना) धरून उचलू नका. आमच्या डाळिंबाच्या पिशवीचा एक कान पहिल्याच वर्षी निघाला. तेव्हा मला वाटलं, चूक माझी. दोऱ्याकडे तेव्हाच बघायला हवं होतं.

कंपनीला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. बिल मागितलं, दिलं. व्हिडिओ मागितला, दिला. मग पिशवी आहे तशीच ठेवा, तपासणी व्हायची आहे, म्हणाले. मी उघड्या शिवणीला बाहेरून विटा लावल्या, वरून सुतळीने आवळलं आणि थांबले. दहा-अकरा दिवस रोज विचारत होते. शेवटी उत्तर आलं: "मॅडम, वॉरंटी कापडावर आहे, शिलाईवर नाही."

मी फोन करून त्यांना शांतपणे विचारलं की शिलाईशिवाय पिशवी म्हणजे काय विकता तुम्ही? कापडाचा तुकडाच ना? तर म्हणाले, एक पिशवी बदलून देऊ, कुरियरचे ८० रुपये तुम्ही भरा. १३५ च्या पिशवीला ८० रुपये, आणि येणार तीही त्याच दोऱ्याची. मी नाही म्हटलं. पैशाचं मोठं नाही, पण पाच वर्षं असं छापायचं आणि सतराव्या महिन्यात हात वर करायचे, हे मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं. पुढे दोन गोष्टी घडल्या म्हणून मत बदललं.

पहिली गोष्ट. उरलेल्या अकरा पिशव्या एकेक करून तपासल्या. पश्चिमेकडच्या बाजूचा पांढरा दोरा नखाने ओढला की पिठासारखा भुगा व्हायचा, बोटाला पांढरं लागायचं. त्याच पिशवीची कठड्याकडची, सावलीतली बाजू पाहिली तर दोरा मजबूत, दातानेही तुटेना. म्हणजे पाण्याने नाही, मुळांच्या रेट्याने नाही, उन्हानेच खाल्लेला. आणि शेजारी उरुळी कांचनच्या नर्सरीतून आणलेल्या दोन जुन्या पिशव्या होत्या, गवती चहा आणि कढीपत्त्याच्या. याच्याहून वर्षभर जुन्या, तेच ऊन खाल्लेल्या. त्यांची शिवण जशीच्या तशी. त्यांचा दोरा काळा होता, आणि कडेला पट्टी दुमडून दुहेरी टाका घातलेला.

प्लॅस्टिकमधला काळा रंग म्हणजे काजळी. ती ऊन आपल्या अंगावर घेते आणि आतला धागा वाचवते. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, त्याचंही कारण हेच.

मार्केट यार्डात बारदानाचं दुकान आहे, तिथे जाऊन उसवलेला दोरा दाखवला. तिथल्या काकांनी बोटांवर चोळून बघितला आणि लगेच सांगितलं, "ताई, हा पोत्याचं तोंड शिवायचा दोरा. पोतं दोन महिन्यांत रिकामं होतं, त्याला हा पुरतो. तुम्ही दोन उन्हाळे उन्हात ठेवलाय." त्यांनी वाकडं दाभण दिलं २० रुपयांना आणि मेण लावलेल्या जाड काळ्या दोऱ्याचं रीळ ६० ला. टाका कसा घालायचा ते दुकानातच एका रिकाम्या पोत्यावर दाखवलं. पुढे एक टाका, मागे अर्धा, मग पुन्हा पुढे, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढची शिवण धावत सुटत नाही. एकूण ८० रुपये. मोठ्या पिशवीला चाळीस मिनिटं लागतात, लहानीला वीस. १२३० रुपयांच्या पिशव्या त्या ८० रुपयांत वाचल्या.

दुसरी गोष्ट अंजिराच्या मुळांची. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विटा काढून ती पिशवी पूर्ण सोडवली. तळाला जिथे शिवण शाबूत होती तिथे मुळं गोल गोल फिरलेली, शेवयांचं वेटोळं असावं तशी. कुंडीत होतं तसंच. पण जिथे शिवण उघडली होती त्या दहा इंचांत वेगळंच होतं. विटांच्या फटीतून हवा लागून मुळांची टोकं वाळलेली, आणि वाळलेल्या टोकाच्या मागे बारीक पांढरी मुळं दाट फुटलेली. बोटांनी मोकळी करून बघितली, एकाही मुळाने वळसा घेतला नव्हता. हवेत मुळाचं टोक वाळलं की मागून फांद्या फुटतात, फेल्टच्या पिशव्या याच्यासाठीच महाग विकतात, हे वाचलेलं होतं. पण स्वतःच्या गच्चीवर, त्याच झाडाच्या दोन बाजूंना शेजारी शेजारी पाहणं वेगळं.

तेव्हापासून शिवताना तळाला दर चार-पाच इंचांवर बोटभर जागा मोकळी सोडते आणि आतून नारळाची शेंडी दाबून बसवते, म्हणजे माती वाहत नाही. पिशवी जमिनीवर सपाट ठेवली तर या फटींना हवा लागत नाही, म्हणून खाली तीन विटा. कंपनीने दिलेली चार भोकं तळाच्या मधोमध होती, ती फरशीला टेकून बंदच व्हायची. आता पाणी दिल्यावर दोन मिनिटांत कडेने झिरपताना दिसतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. मोगरा पिशवीत खरंच छान झाला. जानेवारी संपताना छाटून पानं काढली की मार्चमध्ये कळ्या. आमच्या सासूबाईंना रोज देवाला ओंजळभर मिळतात, आणि मातीच्या कुंडीतल्या मोगऱ्याला एप्रिलमध्ये दोनदा पाणी लागायचं तिथे पिशवीला एकदा पुरतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दरवर्षी येतो. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल, आठ दिवसांनी पुन्हा, तरी पूर्ण जात नाही. खूप भरलेल्या फांद्या कापून टाकणं हाच खरा उपाय. शेवंती ठीक. पेरूचं मात्र जमलं नाही. गणेशखिंडीत निवडलेलं आपलं पुण्याचंच वाण, पण झाडाला पसरायला जागा हवी. दोन वर्षांत तीन फळं, तीही लिंबाएवढी. ते दिरांच्या शेतावर लावून दिलं, जाऊबाई सांगतात तिथे तरारलंय. दरवर्षी पिशवीतला माल दोन-तीन इंच खाली बसतो, वरून गांडूळखत घालत राहावं लागतं, हेही धरून चाला.

आता अंजीर. रोप सासवडहून आणलं होतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दिवे घाट उतरून तासाभरात घरी येता येतं, मग दुसरीकडून कशाला आणायचं? तिथे खट्टा आणि मीठा असे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, धरतात. मी मीठा धरायचं ठरवलं, कारण खट्टा बहार पावसात वाढतो आणि पानांच्या मागे तांबेरा (बुरशीचा रोग) येतो. नव्या शिवणीच्या पिशवीत झाड सावरायला सप्टेंबर उजाडला. बहार धरायला आधी पाणी बंद करून पानं गळू देतात; शेतातल्या झाडाला त्याला वेळ लागतो, पिशवीतल्याला आठ-दहा दिवस पुरे झाले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली, हातमोजे घालून, कारण चीक त्वचेला लागला की खाज सुटते. नव्या फुटींवर पानांच्या बेचक्यात हिरवे मणी दिसायला लागले. मोजले, तेवीस.

आज मार्च २०२५. नऊ उतरले आहेत. अंजीर पिकलं की देठ वाकतो आणि फळ मान टाकल्यासारखं खाली बघतं, तोवर तोडायचं नाही, कारण तोडल्यावर ते पुढे पिकत नाही. पहिलं बुलबुलाने खाल्लं. दुसऱ्या दिवशी जाळी लावली. दुसरं सासूबाईंना दिलं. त्यांनी अर्धं खाल्लं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. त्यांचं माहेर जेजुरीजवळचं, लहानपणी बांधावरचं अंजीर खाल्लेलं. म्हणाल्या, "हे तसंच आहे गं, बाजारातलं नाही लागत असं."

मग पिशव्या घ्याव्यात का? घ्या. २६० जीएसएमचं कापड दोन उन्हाळ्यांनंतरही धडधाकट आहे, त्यात खोट काढणार नाही. पण मागवण्याआधी विक्रेत्याला शिवणीचा जवळून फोटो पाठवायला सांगा. काळा दोरा, दुहेरी टाका, कडेला पट्टी असेल तरच पैसे भरा. फोटो देत नसतील तर नर्सरीत जाऊन हातात घेऊन बघा, दहा-वीस रुपये जास्त पडले तरी चालतील. आणि पांढऱ्या दोऱ्याच्या पिशव्या आधीच घेतल्या असतील तर आज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडची शिवण नखाने ओढून पाहा. भुगा झाला तर पावसाची वाट बघू नका.

माझ्या नऊ पिशव्या शिवून झाल्यात. दोन शेवंतीच्या आणि लिंबाची राहिली आहे. लिंबू सध्या फुलावर आहे, फळं वाटाण्याएवढी झाली की हात लावेन, तोवर त्याची पश्चिमेची बाजू कठड्याकडे फिरवून ठेवली आहे. मेच्या आत तिन्ही उरकायच्या. रिळात अजून बराच दोरा आहे.