स्कप गरवायचाय: ट्यूब ओढावी की नांगर टाकावा?

र्‍होड आयलंडच्या नॅरागन्सेट उपसागरात मे ते ऑक्टोबर स्कप नावाचा मासा गळाला लागतो. न्यूयॉर्ककडे गेलं की तोच मासा 'पोर्गी'. नवी कयाक घेतलेले मित्र हमखास विचारतात, ट्यूब (गळ लावलेली रबरी नळी) मागे ओढू की नांगर टाकून बसू? रात्री तव्यावर चार मासे हवेच असतील, तर नांगर टाका.

ट्यूब मुळात स्ट्राइप्ड बास या मोठ्या माशासाठी. रबरी नळी, जराशी वाकडी, शेपटाला गळ आणि गळावर सँडवर्म, म्हणजे समुद्री अळी. कयाक अगदी सावकाश वल्हवली की नळी गिरक्या घेत मागून येते. बास ती धसकन तोंडात घेतो. पोर्गीचं तोंड मात्र चिमुकलं, पुढचे दात कातरणारे. रॉडच्या टोकाला टुकटुक होतं, आपण खूश होऊन तंगूस गुंडाळतो, तर नळी शाबूत आणि अळी गायब! पहिल्या मोसमात मी असे कितीतरी सँडवर्म फुकट चारले. (ते हाताला चावतात, ते वेगळंच.)

पोर्गीसाठीच ओढायची असेल तर नळी वीतभर ठेवा, गळ बारीक लावा आणि अळीचं लोंबतं शेपूट बोटाच्या पेराएवढंच राहू द्या. लांब सोडलंत की तेवढंच कुरतडून मासा पसार. नळीच्या वर स्विव्हल (गोल फिरणारी कडी) हवाच, नाहीतर गिरक्यांनी तंगूस पिळून त्याचा गुंता होतो.

नांगराचं काम सोपं. खडकाळ किंवा शिंपल्यांचा तळ शोधायचा, खाली शिसं, वर दोन बारीक गळ, त्यांना स्क्विडची (माकुळाची) पट्टी किंवा क्लॅमचा (शिंपल्यातल्या मांसाचा) तुकडा. स्क्विड चिवट, सहजी ओरबाडला जात नाही. थवा खाली असेल तर एका वेळी दोन-दोन लागतात. नसेल तर तासभर नुसतं पाण्याकडे बघत बसा. ट्यूब इथे सरस, कारण ती फिरत फिरत थवा शोधून देते, आणि मधेच एखादा बास लागला तर दिवस सार्थकी.

त्यामुळे मी हल्ली ट्यूब घेऊन निघतो. एकाच जागी दोनदा टुकटुक झालं की वल्हं खाली, नांगर पाण्यात. मासा सोडवताना पाठीचे काटे मागे दाबून धरा, आणि डब्यात टाकण्याआधी मापपट्टी लावा. लांबीचा आणि संख्येचा नियम प्रत्येक राज्यात वेगळा असतो, दरवर्षी बदलूही शकतो.