पीपीआरचा संशय आहे: नमुना कोणत्या चाचणीला द्यायचा?

गोठ्यात चार-पाच शेळ्यांना एकदम ताप आला, नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखा थर दिसला आणि दोन-तीन दिवसांत पातळ हगवण सुरू झाली, तर पहिला संशय पीपीआरचा, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीचा घ्यावा. पण लाळ्या खुरकूत, मावा, देवी, निळी जीभ आणि फुफ्फुसदाह यांतही यातलं काही ना काही दिसतं, त्यामुळे नुसत्या नजरेवर निदान सोडता येत नाही. नेहमीच्या वापरातल्या चाचण्या चार प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक चाचणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. कोणती 'चांगली' हे विचारण्याआधी दोन गोष्टी सांगा: ताप येऊन किती दिवस झाले, आणि कळपाला पीपीआरची लस कधी दिली होती?

आजारी शेळीसाठी: सँडविच एलायझा की आरटी-पीसीआर?

दोन्ही चाचण्या विषाणूच शोधतात. सँडविच एलायझा विषाणूचं प्रथिन पकडते, आरटी-पीसीआर त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्राने विकसित केलेला सँडविच एलायझा संच आपल्याकडे बरीच वर्षं वापरात आहे. ही चाचणी स्वस्त आहे आणि एका प्लेटवर बरेच नमुने होतात. मात्र नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो. ताप आल्यापासून पहिल्या आठवड्यातला, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत असतानाचा स्वॅब (काडीवरच्या बोळ्याने टिपलेला स्राव) असेल तर ती छान चालते. पुढे स्राव घट्ट, पिवळा होऊन नाकपुडीवर सुकला की तीच शेळी निगेटिव्ह दाखवू शकते. आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. 96 खाचांची प्लेट दोन-तीन नमुन्यांसाठी लावणं परवडत नाही म्हणून प्रयोगशाळा कधी कधी नमुने साठण्याची वाट पाहते.

आरटी-पीसीआर कमी विषाणूही पकडते, म्हणून उशिरा घेतलेल्या स्वॅबवर आणि सौम्य आजारात तीच मागावी. आरएनए काढण्यापासून निकालापर्यंतचं काम एका दिवसात होतं. शेतकऱ्याला उत्तर मिळायला वेळ लागतो तो नमुन्याच्या प्रवासात. तोटा हा की आरएनए फार नाजूक असतो. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तीन तास फिरलेला स्वॅब निगेटिव्ह आला, तर तो निकाल गोठ्याबद्दल काहीच सांगत नाही.

आमचा कल स्पष्ट आहे. कळपात पहिल्यांदाच मरतूक लागली असेल तर आरटी-पीसीआर. तालुक्यात साथ आधीच सिद्ध झालेली असेल आणि बऱ्याच गोठ्यांतून नमुने जायचे असतील तर सँडविच एलायझा, आणि त्यातले निगेटिव्ह नमुने पुन्हा पीसीआरला.

जागेवरची पट्टी

स्वॅबचा अर्क पट्टीवर टाकला की 15 ते 20 मिनिटांत रेघ उमटते. लक्षणं ठळक असताना आलेली पॉझिटिव्ह रेघ हालचाल बंद करायला पुरेशी आहे. निगेटिव्ह पट्टीवर मात्र काहीही ठरवू नये, कारण कमी विषाणू ती पकडत नाही. आज संध्याकाळी शेळ्या बाजाराला न्यायच्या की नाही, एवढ्यापुरती ती कामाची आहे आणि तेव्हाही उत्तर 'नाही' असंच धरावं.

रक्तजलाची स्पर्धात्मक एलायझा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. रक्तजल म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी. ही चाचणी त्यात विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं. ती तयार व्हायला संसर्गानंतर साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे काल ताप आलेल्या शेळीचं रक्त पाठवलं तर निकाल निगेटिव्ह येईल आणि शेळी पीपीआरनेच मरेल.

दुसरा घोळ लसीचा. आपल्याकडची सुंग्री 96 ही जिवंत, क्षीण केलेली लस आहे. तिच्यामुळे आलेली प्रतिपिंडं आणि खऱ्या रोगामुळे आलेली प्रतिपिंडं या चाचणीला सारखीच दिसतात. लस घेतलेल्या कळपात पॉझिटिव्ह म्हणजे लस लागू पडली, इतकंच. चार महिन्यांखालच्या करडांत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंही सापडतात. त्यामुळे ही चाचणी दोनच कामांसाठी घ्यावी. लसीकरणानंतर संरक्षण तयार झालं का हे पाहण्यासाठी, किंवा लस न दिलेल्या कळपात रोग येऊन गेला का हे जाणण्यासाठी. दुसऱ्या कामाला मोठ्या कळपातून यादृच्छिक 25 ते 30 शेळ्यांचं रक्त घ्या. दहा टक्के शेळ्यांना लागण होऊन गेली असेल तर त्यातली एक तरी सापडण्याची 95 टक्के खात्री एवढ्या नमुन्यांत मिळते. विषाणू निष्प्रभ करण्याची चाचणी याहून काटेकोर आहे, पण तिला दहा-बारा दिवस लागतात. चालू साथीत तिचा उपयोग नाही.

नमुना बिघडला तर चाचणी कोणतीही असो

मरायला टेकलेली शेळी निवडू नका. आजच 40 ते 41 अंश सेल्सिअस ताप चढलेल्या, डोळे पाणावलेल्या पाच-सहा शेळ्या निवडा. प्रत्येकीचा डोळ्याच्या पापणीआतला आणि नाकातला स्वॅब वेगळ्या कुपीत, अंदाजे 1 मिली निर्जंतुक बफर किंवा विषाणू वाहक द्रावणात ठेवा. काडी प्लॅस्टिकची हवी, कारण लाकडी काडीतली द्रव्यं पीसीआरला अडथळा आणतात. पीसीआरसाठी रक्त द्यायचं तर जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेल्या नळीत. त्याच कामाचं हेपॅरिन नको, त्यानेही पीसीआर अडते. रक्तजलासाठी 4 ते 5 मिली रक्त साध्या नळीत तिरपं ठेवून गोठू द्या. ही नळी फ्रीजरमध्ये टाकली तर पेशी फुटून रक्तजल लाल होतं आणि नमुना वाया जातो.

शेळी मेली असेल तर काही तासांतच आतड्याजवळच्या आणि फुफ्फुसाजवळच्या लसिका ग्रंथी, प्लीहा आणि फुफ्फुसाचा तुकडा घ्यावा. फॉर्मॅलिनमध्ये फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे जातात. विषाणू शोधायचे तुकडे बर्फावर, कोरडे. हे सगळं थर्मासमध्ये 4 अंशांच्या आसपास ठेवून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पोचवता येतं. 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्यानुसार पीपीआर अनुसूचित आहे, म्हणून संशय आला तरी कळवणं पशुपालकाचं कर्तव्य आहे.

साथ दिसताच घाबरून आधी लस टोचली जाते आणि मग नमुने घेतले जातात. क्रम उलटा हवा. लसीच्या विषाणूचा आरएनएही पीसीआरला दिसू शकतो. शिवाय सुंग्री आणि भारतात खरा रोग करणारे रानटी विषाणू एकाच चौथ्या वंशातले आहेत, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखायला जनुकक्रमच वाचावा लागतो. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ताप आल्याची तारीख आणि लसीची तारीख या दोन ओळी कोऱ्या ठेवू नका.

विकत आणताना

नव्या शेळ्या 21 दिवस वेगळ्या ठेवा. पीपीआरसाठी तेवढ्यात ताप दिसला तरच स्वॅब पाठवा. सानेनसारख्या विदेशी जातीच्या किंवा त्यांच्या संकराच्या दुधाळ शेळ्या घेत असाल तर कॅप्राइन आर्थ्रायटिस एन्सेफलायटिस या सांधे आणि मेंदूच्या विषाणूजन्य रोगाची रक्तजल चाचणी मागा. त्या विषाणूवर लस नाही आणि लागण आयुष्यभर राहते, म्हणून तिथे प्रतिपिंड सापडलं की शेळी बाधित समजायची. पीपीआरच्या नेमकं उलट. करडांचं मात्र सहा महिन्यांआधी तपासू नका. चिकातली प्रतिपिंडं तोवर रक्तात असू शकतात, आणि निरोगी पाट उगाच नाकारली जाईल.