अंगणातली भाजी: उंच वाफा की थेट जमीन?

घरासमोर भाजी लावायची तर थेट जमीन स्वस्त पडते. ओल टिकते, मुळांना खोल जाता येतं. उंच वाफ्याला विटा किंवा फळ्या, वर भरपूर माती आणावी लागते आणि उन्हाळ्यात पाणीही वरचेवर द्यावं लागतं.

तरीही रस्त्यालगतच्या अंगणात मी वाफाच निवडेन. जुन्या रंगातलं, पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं. पालेभाज्या आणि गाजर-मुळ्यासोबत ती माती ताटात येऊ शकते. टोमॅटो-वांग्यात धोका बराच कमी. घरात लहान मुलं असतील तर माती आधी तपासून घ्याच! अहवाल चांगला आला, की खुशाल जमिनीत लावा.

वाफा केलात तर गाजरासाठी निदान 30 सेंटीमीटर खोली ठेवा. ऊन दोन्हीकडे 6 ते 8 तास हवं.