काटोल रोडवरच्या वावरातला दिवस: राबायची तयारी असेल तरच जा

नागपूरहून कळमेश्वरच्या पुढे, काटोल रोडपासून थोडं आत एका कास्तकार कुटुंबाचं वावर आहे. रविवारी ते पाहुणे घेतात, पण दिवसभर त्यांच्यासोबत काम करायचं या अटीवर. मोठ्यांचे 800 रुपये, मुलांचे निम्मे. दोन्ही मुलांना घेऊन डिसेंबरात गेले होते. मला ही जागा मनापासून आवडली, कारण इथलं काम दाखवण्यापुरतं नसतं. बाकी ठिकाणी बैलबंडीवर एक चक्कर, चार फोटो, झालं. इथे त्या दिवशी घरच्यांना जे करायचंच असतं, तेच तुमच्या हाती येतं.

सकाळी आधी गोठा. शेण काढायचं, ढोरांना कुटार (भुसा) आणि भिजवलेली ढेप (पेंड) घालायची. मग संत्रा. अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातून आलेल्या फळांची, शेवटची तोड सुरू होती. मुलगा फळ ओढायला गेला तशा घरच्या काकू म्हणाल्या, "ओढू नोको बाबू, कात्रीनं काप. देठापाशी साल फाटली का सडते ते." देठ फळालगत कापायचा, लांब राहिला तर पेटीत शेजारच्या फळाला टोचतो. झाडांचे बुंधे निळसर कशाने रंगवलेत, हे मुलीने विचारलं. बुंध्यातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगासाठी बोर्डो पेस्ट: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडाचं चालत नाही. काकूंनी हात न थांबवता सगळं सांगितलं.

दुपारपर्यंत शेळ्यांच्या आडोशाची कुडाची भिंत. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, ताटवा आधीच बांधून उभा होता. काळी माती वाळली की तडकते, म्हणून काकांनी गावातून पांढरी माती आणवली होती. तीत शेण आणि कुटार घालून मुलांनी पायांनी तुडवली. लिंपताना एकाने आतून, एकाने बाहेरून, समोरासमोर तळहाताने दाबायचं, म्हणजे हा मातीचा गारा तुराट्यांच्या फटीत जाऊन एकमेकाला धरतो. एका बाजूनेच थापला तर वाळल्यावर पोपडा सुटतो. माझी मुलगी आत, मी बाहेर. शाळेच्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये ती इतकी रमलेली मी पाहिली नाही.

जेवायला रोडगे, वांग्याची भाजी, तुरीचं वरण. जाडसर कणकेच्या पाऱ्या, मध्ये तेलाचा हात, एकीवर एक गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सोडायचा. घाई केली की वरून करपतो, आत कच्चा राहतो. फोडून त्यात तूप ओतलं की पदर सुटे होतात. नागपुरात लग्नाकार्यातही असा रोडगा मी अलीकडे खाल्लेला नाही.

मात्र ताट समोर यायला अडीच वाजतात, लहान मुलांसाठी खाऊ सोबत ठेवा. संडास एकच, तोही घरापासून लांब आणि पायऱ्यांना कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आणू नका. हे मी काकूंना सांगूनही आले. पाच वर्षांखालच्या मुलांना दुपार कंटाळवाणी जाते.

फोन करून आधी ठरवावं लागतं, ऐनवेळी घेत नाहीत. पावसाळ्यात बंद असतं, कारण आतला रस्ता काळ्या मातीचा आहे. जुने कपडे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट न्या, संत्र्याच्या फांद्यांना काटे असतात.